नॅरो जिप्सीखाली वाइड ट्रॅकचे ॲक्सल टाकायचेत? मग गाडी उचलायच्या आधी एवढं करा

सगळ्यात आधी एक सांगतो, मारुतीच्या एका जिप्सीचा पार्ट दुसऱ्या जिप्सीला बसतो हे खरंय पण "बसतंय" आणि "चालतंय" यात फरक आहे, आणि तो फरक मी तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठोकळ्यांवर उभ्या गाडीकडे बघत शिकलोय. कारण काय तर प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) फ्लँजची, म्हणजे टोकाच्या चकतीची, भोकं जुळली नाहीत. चार बोल्टांचा मामला. म्हणून ही यादी, म्हणजे यादी म्हणा नाहीतर बडबड म्हणा.

आधी आपली गाडी नक्की कुठली ते ओळखा. १९८५ साली आली ती एमजी४१०, ९७० सीसीची, हीच नॅरो, हिचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढे १,२१० आणि मागे १,२२० मिमी. १९९३ मध्ये वाइड ट्रॅक आली, एमजी४१०डब्ल्यू, दोन्हीकडे ९० मिमी वाढले म्हणजे १,३०० आणि १,३१०, आणि फेंडरवर ते रंगवलेले मोठे फ्लेअर आले. १९९६ ची किंग म्हणजे एमजी४१३डब्ल्यू, १.३ इंजिन, बॉनेटवर फुगवटा. पण फ्लेअर आणि फुगवटा बघून विश्वास ठेवू नका, डिस्पोजलच्या (सरकारी लिलावातल्या) गाड्यांत अर्धी एक आणि अर्धी दुसरी असं सर्रास असतं. टेप घ्या, डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंत मोजा, आणि व्हील स्टँडर्डच आहेत ना तेही बघून घ्या, कारण बाहेर आलेल्या ऑफसेटचं व्हील असलं की नॅरो पण वाइड दिसते.

आता डोनर, म्हणजे जिचे ॲक्सल काढून घ्यायचे ती गाडी. कुर्ला, नाना पेठ, दिल्लीचं मायापुरी, कुठूनही आणा पण सुटा ॲक्सल शक्यतो घेऊ नका, उभी गाडी भंगारात जाताना सापडली तर पुढचा-मागचा जोडीनेच घ्या. आणि त्याच्यासोबत टाय रॉड, ड्रॅग लिंक, ब्रेकचे पाइप, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, यू-बोल्टखालच्या प्लेटा, सगळं त्याच पोत्यात. भंगारवाला म्हणेल "साहेब ते काय लागत नाय", लागतं. टाय रॉडची लांबी ट्रॅकवर ठरते, नॅरोचा रॉड वाइडला पुरणार नाही आणि मग कोणीतरी वेल्डिंगचा सल्ला देतो. स्टिअरिंगच्या रॉडला वेल्डिंग, म्हणजे कमालच आहे.

रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, हा खरा घोळ. सुझुकीच्या एसजे४१० ला ४.१११ आणि एसजे४१३ ला ३.७२७ असे रेशो होते, आणि आपल्याकडच्या गाडीत गेल्या तीस वर्षांत कोणी काय घातलंय देव जाणे, म्हणून कागद सोडा आणि मोजा. सुटा ॲक्सल ठोकळ्यांवर ठेवा, एका बाजूचा हब मित्राला घट्ट धरायला लावा, दुसरा हब बरोबर दोन फेरे फिरवा (दोन, एक नाही, एक बाजू थांबवली की डिफ, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल, अर्धंच फिरतं), पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडतो तिथे) खडूची खूण करून फेरे मोजा. चार फेरे होऊन थोडं पुढे गेलं तर ४.१११, चारला साधारण पाव फेरा कमी पडला तर ३.७२७. पुढच्या ॲक्सलला फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सुटं करणारे) असतील तर आधी लॉक करा, नाहीतर खडू जागचा हलणार नाही. आपल्या गाडीलाही तेच करा. पुढचा आणि मागचा एकच हवा, जिप्सीला मध्ये डिफरन्शियल नाही, रेशो वेगळे असले तर फोर व्हीलमध्ये टाकल्या टाकल्या शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) मधल्यामधे मरतो. वेगळा निघालाच तर घाबरू नका, दोन्हीकडचे हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) ओढले की डिफचा गोळा हाऊसिंगमधून समोरून बाहेर येतो, तो बदलता येतो. फक्त हाफ शाफ्टचे स्प्लाइन (टोकाचे दाते) मोजा, २२ आणि २६ असे दोन्ही प्रकार सुझुकीने केलेत आणि एकात दुसरा जात नाही. अजून एक, मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, त्यामुळे ४.१११ काढून ३.७२७ घातला तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल.

ॲक्सल वाकलाय का ते घरी आणायच्या आधी बघा. मागच्याला दोन्ही चाकं लावायची, चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजायचं, सारखं आलं तर ठीक. पुढच्याला नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, हाताने हलवा, वर-खाली खडखड आली तर किंगपिनचे बेअरिंग गेलेत, ते आणि आतले ऑइल सील नवीनच टाका, जुने ठेवले तर साठच्या स्पीडला स्टिअरिंग असं थरथरतं की विचारू नका. कोकणातली गाडी असेल तर स्प्रिंगच्या बैठकीखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर सोडून द्या.

ब्रेकचं थोडक्यात. डोनरला डिस्क आणि तुमच्याला ड्रम असेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर पण डोनरचाच, ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवायची सोय असू शकते आणि मग डिस्कचे पॅड सतत घासतात. होज नवीन, तिथे कंजूषी नाही.

नट-बोल्टाची एक गोष्ट कोणी सांगत नाही. जिप्सीचा स्टड १२ मिमी, १.२५ पिचचा. जुन्या जीपचा अर्धा इंची, २० आट्यांचा. दोन्हीची पाच भोकं १३९.७ वर, म्हणून चाकं अदलाबदल होतात आणि जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर छान चढतोही, आवळला की घट्ट वाटतो, पण आटे नीट धरलेलेच नसतात. नट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

कागदाचं आधी, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदल चालणार नाहीत असंच म्हटलंय, म्हणून आरटीओत आधी जाऊन विचारा, इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. फ्रेमवर ठोकलेल्या चॅसिस नंबरला हात लावायचा नाही, तिथे ग्राइंडर नेऊ पण नका. टायर दोन्हीकडून साडेचार सेंटिमीटर बाहेर येणार, म्हणजे वाइडचे फ्लेअर पण लागतील, नाहीतर पावसाळ्यात दरवाजे आणि मागचा बाइकवाला दोघंही चिखलात.

हे सगळं झालं, डोनरचे ॲक्सल धुऊन, सील-बेअरिंग टाकून, रंगवून, ब्रेकसकट तयार होऊन कोपऱ्यात पडले, प्रोपेलर शाफ्टचे फ्लँज ट्रान्सफर केसच्या फ्लँजला लावून बघितले, की मगच आपली गाडी जॅकवर. चार भक्कम स्टँड, विटा नाही. आदल्या दिवशी यू-बोल्ट आणि शॅकलच्या नटांना गंजाचा स्प्रे मारून ठेवा, नवीन यू-बोल्ट आणून ठेवा, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश पण याच वेळी. यू-बोल्टचं शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, आणि शंभर-दीडशे किलोमीटर झाले की परत एकदा पाना लावा. डिफचं तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा की रविवारपासून दोन दिवसांचं काम आहे, तो सेक्रेटरीला चार दिवस सांगेल, तेवढे लागतातच.