ऊसतोडीला निघण्याआधीची तपासणी: रुग्णालयाने शिबिर कसं घ्यावं

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं आपल्या हाताबाहेर असतात. म्हणून शिबिर एक नको, दोन घ्या: पहिलं ऑगस्टअखेर, दुसरं महिनाभराने. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅम वाढायला तीन-चार आठवडे जातात. निघायच्या आदल्या आठवड्यात रक्त कमी असल्याचं कळून काय उपयोग?

तारीख ठरवण्याआधी मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराला, भेटा. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला, कधी निघणार, हे पक्कं त्यालाच ठाऊक असतं. तपासणीचा निकाल मात्र त्याच्या हाती पडू देऊ नका. गरोदर किंवा आजारी बाईचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) तो ऐनवेळी नाकारू शकतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली असते.

वेळ संध्याकाळी 5 ते 9 ठेवा. सकाळी दहाला माणसं मूग-सोयाबीनच्या रानात असतात, रांगेत येतात ती फक्त म्हातारी. शाळेच्या दोन खोल्या घ्या. एकीत स्त्री डॉक्टर, दार बंद, खिडकीला पडदा. हे नसेल तर बायका अंगावरून पांढरं जाण्याबद्दल एक शब्द बोलणार नाहीत. एका संध्याकाळी ऐंशीच्या वर नावं घेऊ नका.

हिमोग्लोबिन मोजताना बोट पिळू नका. पिळलं की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. हिमोग्लोबिन मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमटपणाने पट्ट्या बिघडतात. बाईचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 8 च्या खाली, गरोदर असताना 7 च्या खाली, आकडा आला तर नुसत्या गोळ्या देऊन पाठवू नका, रुग्णालयात आणा. गोळ्या चहासोबत घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. शौच काळं होतं, हेही आधीच सांगा. नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात.

रक्तदाब पाच मिनिटं बसवून, दोनदा मोजा. 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ज्यांचं औषध चालू आहे त्यांना निघताना किमान तीन महिन्यांचा साठा द्या.

सगळ्यात जास्त वेळ ‘पिशवी’च्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तक्रारीला द्या. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मजुरांच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) संडास नाही, पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. त्यातून जंतुसंसर्ग होतो, आणि कॅन्सरची भीती घातली की तिशीतली बाई शस्त्रक्रियेला तयार होते. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगा. आधी तपासणी, औषधं, गरज असेल तर सोनोग्राफी. नवऱ्यावरही एकाच वेळी उपचार करावे लागतील का, तेही बघा. बीजकोशही (अंडाशय) काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे नवऱ्याला समोर बसवून समजावा. आमच्या मते शिबिराचं खरं यश इथेच मोजावं.

गरोदर बाईच्या बाळंतपणाची तारीख काढा. ती फडावरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या, दिवसांत येत असेल तर कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्या. तिथल्या परिचारिकेला आधी फोन करा. क्षयरुग्णाचा निक्षय क्रमांक (सरकारी नोंदणीचा क्रमांक) देशभर चालतो. तो कार्डावर ठळक लिहा आणि बदलीची नोंद निघण्याआधी करा. ही नोंद राहिली की गोळ्या तुटतात, आणि औषधाला दाद न देणारा क्षय बळावतो.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत द्या: तपासणी कार्ड, आधार व रेशनकार्डाची झेरॉक्स. मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले योजना महाराष्ट्रातल्या कोणत्याही अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात चालते. तिथे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं, अडलं तर 155388 वर फोन करायचा. मराठवाड्यातल्या पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबाला पूर्वी सातबारा दाखवून लाभ मिळे; आता पांढऱ्या कार्डावरही लाभ मिळतो. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांनी या योजनेवर विसंबू नये; त्यांना तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव लिहून द्या.

टोळी गेल्यावर दर महिन्याला एका परिचारिकेने फोन करावा, तोही रात्री आठनंतर. एप्रिलमध्ये माणसं परतली की त्याच यादीतल्या बायकांचं हिमोग्लोबिन पुन्हा मोजा.