गेमिंग संगणकाच्या वीजपुरवठ्यातील दोष कसा शोधावा

गेम ऐन रंगात आलेला असताना संगणक एकाएकी बंद पडू लागला की बहुतेक जण दोन गोष्टींपैकी एक करतात: नवा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा) विकत आणतात किंवा ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला देतात. दोन्ही उपाय खर्चिक आहेत आणि नेमके निदान झाल्याशिवाय दोन्ही वाया जाऊ शकतात. म्हणून संगणक बंद कसा पडतो, हे आधी नीट पाहावे.

प्लग उपटल्यासारखे सगळे एका क्षणात थंड पडले आणि एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केल्याशिवाय संगणक सुरू होत नसेल, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा तोडला, असे मानण्यास सबळ कारण आहे. पडदा काळा झाला, पण पंखे फिरत आहेत आणि आवाजही येत आहे, अशा वेळी कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल आधी तपासावी. निळा पडदा येत असेल, तर संशय सहसा रॅमवर किंवा ड्रायव्हरवर जातो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातल्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की दोष एसएमपीएसचाच, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. प्रत्यक्षात ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते, त्याचे कारण सांगत नाही. अतिउष्णतेनेही संगणक असाच बंद पडतो. त्यामुळे एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममधून तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवत ठेवावी आणि बंद पडण्यापूर्वीची शेवटची ओळ वाचावी.

यानंतर तपासणीची सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करावी. आपल्याकडे घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट एवढाच भार पेलतो, आणि मोठे कार्ड असलेला संगणक गेम चालू असताना त्यापेक्षा सहज जास्त वीज ओढतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर जी पायऱ्यापायऱ्यांची वीजलहर देतात, ती ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना मानवत नाही. म्हणून यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून, संगणक थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या घट्ट सॉकेटला लावून काही दिवस वापरावा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजावे आणि पुढची तपासणी थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आता संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मगच कॅबिनेट उघडावे. मदरबोर्डची २४ पिनांची केबल, प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डाच्या केबल काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. प्लास्टिक कुठे तपकिरी पडले आहे का, तेही पाहावे. कार्डाच्या ८ पिनांच्या प्रत्येक जोडणीची मर्यादा १५० वॉट असते, त्यामुळे कार्डाला अशा दोन जोडण्या लागत असतील तर एकाच केबलची दोन टोके वापरण्यापेक्षा एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणणे केव्हाही चांगले. नव्या कार्डांचा १६ पिनांचा प्लग पूर्ण आत गेला नाही तर तापून वितळू शकतो. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबल मात्र बसल्या तरी कधीही लावू नयेत, कारण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि एका चुकीत मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क जळते.

माझ्या मते यापुढची चाचणी सर्वांत उपयोगी आहे, आणि तिला खर्च शून्य आहे. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणावी आणि तोच गेम, त्याच सेटिंग्जवर खेळावा. बंद पडणे थांबले, तर वीजपुरवठ्यावरचा संशय बळावतो. मग लिमिट पूर्ववत करून ओसीसीटी या भारचाचणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांच्यावर आधी वेगवेगळा आणि नंतर एकत्र भार टाकावा. वेगवेगळा भार दोघांनीही पेलला, पण एकत्र भार येताच संगणक बंद पडला, तर एसएमपीएस कमी पडतो आहे. कागदावरचे वॉट पुरेसे असतानाही असे होऊ शकते, कारण ताकदवान कार्डे मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढू शकतात. असे क्षणिक झटके सहन करण्याची अट एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने घातली. त्याआधीचे काही एसएमपीएस त्यांना जादा भार समजून पुरवठा तोडतात.

मल्टिमीटर हाताशी असेल, तर तो डीसीवर ठेवून मोकळ्या मोलेक्स प्लगवर (चार तारांचा जुन्या पद्धतीचा प्लग) भार चालू असताना मोजमाप घ्यावे: पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळ्या तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. आकडा या मर्यादेबाहेर असेल, तर एसएमपीएस बदलावा. आकडा मर्यादेत आला म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणिक घसरण मल्टिमीटरला दिसत नाही.

२४ पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडण्याची प्रसिद्ध चाचणी अजिबात सुरूच न होणाऱ्या संगणकापुरती आहे. ती करताना एसएमपीएस सगळ्या भागांपासून सुटा करावा, क्लिप लावून झाल्यावरच वीज चालू करावी, आणि पंखा फिरला तरी तो भाराखाली टिकेल असे समजू नये. कमी भारावर पंखा थांबवून ठेवणारे एसएमपीएसही असतात, त्यामुळे पंखा न फिरणे हाही पुरावा नव्हे.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. शंका पक्की झाली, की मित्राकडचा तेवढ्याच क्षमतेचा खात्रीचा एसएमपीएस त्याच्याच केबलसह लावून पाहावा. दोष सिद्ध झाल्यावर वॉरंटीसाठी जाताना कोणत्या भाराखाली संगणक बंद पडतो ते लिहून न्यावे आणि तपासणी त्याच भाराखाली करण्याचा आग्रह धरावा, कारण टेबलावर नुसता पंखा फिरवून ‘चालू आहे’ असे सांगून एसएमपीएस परत केला जाण्याची शक्यता असते.