पेन्शनीला येणाऱ्या जवानाने पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी

२०१५ च्या मार्चअखेरीस सैन्यातली सतरा वर्षांची नोकरी पूर्ण करून मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझे वय छत्तीस होते, थोरली मुलगी सातवीत होती आणि भावाबरोबर सामाईक असलेल्या दीड एकरावर दोन कुटुंबांचे भागणे शक्य नव्हते. कारगिलच्या लढाईच्या वेळी माझी नोकरी जेमतेम सव्वा वर्षाची होती, आणि त्या उन्हाळ्यात जे पाहिले त्यानंतर साध्या गोष्टींची भीती आपल्याला वाटणार नाही असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सिव्हिलमध्ये आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मी घाबरलो, आणि त्या घाबरण्यात जे राहून गेले त्याची किंमत पुढे सहा वर्षे मोजली.

केंद्राच्या गट क पदांमध्ये माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे, महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि केंद्राच्या गट क भरतीत प्रत्यक्ष वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा करून उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसले म्हणजे झाले, हे आपल्याला ठाऊक असेलच. माझ्या बाबतीत छत्तीसातून सतरा गेले की एकोणीस उरत होते, त्यामुळे वयाची काळजी नव्हती. मी अडकलो तो दुसरीकडेच.

सेवेच्या शेवटच्या वर्षात ना हरकत प्रमाणपत्र घेऊन मी तीन अर्ज भरले होते. त्यांतला पहिला निकाल एका केंद्रीय कार्यालयातील बहुउद्देशीय कर्मचाऱ्याच्या पदाचा लागला आणि मी ऑगस्टमध्ये रुजू झालो. आठ महिन्यांनी त्याच तीन अर्जांपैकी दुसऱ्यातून सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या लिपिकपदासाठी माझी निवड झाली, तीही माजी सैनिकांच्या कोट्यातून. कागदपत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने डिस्चार्ज बुक (सैन्यातून मुक्त होताना मिळणारे सेवापुस्तक) चाळले, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश पाहिला आणि विचारले, "आधीच्या कार्यालयाला घोषणापत्र दिले होते का?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले आणि तितक्याच शांतपणे माझी निवड रद्द झाली.

हा नियम नीट समजून घ्या. माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा लाभ घेऊन आपण सरकारी नोकरीत नियमित पदावर रुजू झालो की पुढच्या भरतीसाठी त्या आरक्षणावरचा आपला हक्क संपतो. मात्र केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने यात एक सवलत ठेवली आहे. पहिल्या नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच ज्या पदांसाठी आपण अर्ज केलेले आहेत, त्यांच्यासाठी आरक्षण पुढेही मिळू शकते. अट अशी की रुजू होताच त्या सर्व अर्जांचा तारीखवार तपशील स्वयंघोषणेच्या रूपाने नव्या कार्यालयाला द्यावा लागतो. "रुजू होताच" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आठ महिन्यांनी दिलेल्या घोषणापत्राला अर्थ नाही, आणि रुजू झाल्यानंतर भरलेले अर्ज या सवलतीत बसत नाहीत.

म्हणून रुजू होण्याच्या दिवशी हजर अहवालाबरोबर (आपण कामावर रुजू झालो असे कळवणाऱ्या पत्राबरोबर) साध्या कागदावर एक पत्र न्या. त्यात प्रत्येक अर्जाचे पद, कार्यालय, जाहिरात क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि अर्जाची तारीख लिहा, प्रत्येक अर्जाची छापील प्रत जोडा, आणि पत्राच्या दोन प्रती करा. एक प्रत आस्थापना शाखेत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व गोल शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का मारणारा "नंतर या" म्हणाला तर बाकावर बसून राहा. ती पोच डिस्चार्ज बुकाच्या आतल्या कप्प्यात ठेवा. अर्जही शेवटच्या वर्षात जितके पात्रतेत बसतात तितके सगळे भरा, कारण एकदा रुजू झाल्यावर ती दारे बंद होतात. खासगी नोकरीने मात्र हा हक्क जात नाही, त्यामुळे निकालांची वाट पाहताना एखाद्या कंपनीत काम करण्यास घाबरू नका.

मला हे कोणी सांगितले नाही असे म्हणणे पूर्ण खरे नाही, कारण मी चुकीच्या माणसाला विचारले. आमच्या गावचे एक निवृत्त सुभेदार मला वडिलांच्या जागी आहेत. "हातातली नोकरी धर, कागदाचे मागाहून बघू," असे ते मनापासून म्हणाले, पण ते स्वतः नोकरीला लागले तेव्हा हा आदेश निघालेलाही नव्हता. माझे ठाम मत आहे की धीर वडीलधाऱ्यांकडून घ्यावा आणि नियम गेल्या तीन-चार वर्षांत नोकरीला लागलेल्या माजी सैनिकाकडून विचारावा. आणि पैसे घेऊन "काम करून देतो" म्हणणाऱ्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.

सुरक्षारक्षकाच्या नोकरीबद्दल मी अधिक कडक बोलतो. काम सन्मानाचे आहे, पण बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी नाही आणि भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही, अशा ठिकाणी आपले हजारो लोक उभे आहेत. मला एका कंत्राटदाराने तोंडावर सांगितले होते, "तुम्हाला पेन्शन आहे ना, मग एवढा पगार पुरे." या वाक्यापुढे मान तुकवू नका. पेन्शन ही झालेल्या सेवेची कमाई आहे, तिने नव्या कामाचा मोबदला कमी होत नाही. केंद्र सरकार स्वतः, वयाच्या पंचावन्नच्या आत निवृत्त झालेल्या आणि अधिकारी हुद्द्याखालील माजी सैनिकाचे वेतन पुनर्नियुक्तीत ठरवताना, त्याची संपूर्ण पेन्शन बाजूला ठेवते. उलट पेन्शन आहे म्हणूनच आपण चार महिने थांबू शकतो आणि वाईट अटींना नकार देऊ शकतो. हे बळ माझ्याकडेही होते, पण घाबरल्यामुळे मला ते दिसले नाही.

शिक्षणाबाबत एवढेच, की पंधरा वर्षांच्या सेवेवर दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला पदवी लागणाऱ्या अनेक गट क पदांना अर्ज करता येतो. तरीही या सेवेवर मिळणाऱ्या पदवी-समकक्ष प्रमाणपत्राला पदवी समजून निश्चिंत राहू नका. ते अर्जापुरते चालते, बढतीच्या वेळी चालेलच असे नाही. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून खरी पदवी घ्या. राज्याच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखन लागते, तेही सुट्टीत बसून शिकता येते. सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत, सैनिकांना निवृत्तीनंतरच्या कामासाठी तयार करणाऱ्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम जवानांना विनाशुल्क मिळतात. मी माझा अभ्यासक्रम घराजवळ राहायला मिळेल एवढे पाहून निवडला होता. त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

तरीही, माझ्यासारखे झाले असेल तर खचू नका. विभागीय परीक्षा देऊन सहा वर्षांनी मी लिपिक झालो, आणि आता आस्थापना शाखेतच बसतो. गेल्या पावसाळ्यात एक माजी नायक रुजू व्हायला आला. त्याचा हजर अहवाल बाजूला ठेवून मी आधी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि कुठे-कुठे अर्ज केले आहेत ते आठवून लिहायला सांगितले. पाच अर्ज निघाले. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि त्याची प्रत त्याच्या हातात दिली. तो अजून आमच्याकडेच आहे. त्या पाचांपैकी दोन निकाल यायचे आहेत.