जुन्या थारला जड लोखंडी बंपर लावायचाय? आधी टेप घेऊन मापं घ्या

पहिली गोष्ट, रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलंय की बुल बार, क्रॅश गार्ड (गाडीच्या पुढे वेगळे लावलेले लोखंडी गार्ड) लावणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन, आणि त्यामागचं कारण खरंच आहे, पायी चालणाऱ्याला लोखंड लागलं तर जबर इजा होते आणि एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचं गणित बिघडू शकतं. माझी थार जुनी सीआरडीई (डिझेल मॉडेल), एअरबॅग नाहीत, आता फक्त शेतावर आणि खासगी ट्रॅकवर चालते, तिथे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) आणि ओढायला पक्की जागा लागतेच.

काम सुरू करायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या आणि लिहून ठेवा. हे माप नंतर फार कामाला येतं. बंपर ५० किलोचा असला तरी पुढच्या अ‍ॅक्सलवर ५० च येत नाहीत, कारण तो अ‍ॅक्सलच्या पुढे लटकतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २४३० मिमी, बंपर अ‍ॅक्सलपुढे साधारण ७०० मिमी धरला तर पुढे ६४ किलो वाढतात आणि मागचे १४ किलो कमी होतात. विंच लावली की अजून भर.

जुना बंपर काढणं सोपंय. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फॉगलॅम्पचे कनेक्टर सोडवून टेप लावा, गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मग चेसिसची टोकं वायर ब्रशने घासून नीट बघा, गंजाचे पापुद्रे किंवा तडा दिसला तर तिथेच थांबा, आधी ते दुरुस्त करून घ्या.

आता बोल्ट, इथे कंजूषी नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (बोल्टच्या ताकदीचा ग्रेड) कोरलेलं असलं पाहिजे, काही खूण नसेल तर घेऊ नका. माझ्या पहिल्या बंपरला फॅब्रिकेटरने गॅस कटरने लांबट भोकं पाडून दिली होती आणि वर पातळ वॉशर, दोन महिन्यांत ते वॉशर वाटीसारखे आत दबले, गाडी बांधावरून उतरली की पुढून टक टक आवाज यायचा. मग ५ मिमीच्या पट्टीचे जाड वॉशर करून घेतले, गोल भोकं ड्रिलने पाडली, तेव्हा कुठे आवाज गेला. डी-शॅकल (ओढायचा दोर अडकवायची लोखंडी कडी) अडकवायचे कान प्लेटच्या आरपार घालून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेले हवेत, नुसते पुढून चिकटवलेले असतील तर त्याला गाडी ओढू नका, सुटलं तर कोणाच्या तरी अंगावर येईल.

लावताना दोन माणसं आणि ट्रॉली जॅकवर लाकडी फळी, म्हणजे उंची आरामात जुळते. सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवा, एकही कसू नका. मग दोन्हीकडचं अंतर बघा. थारची बॉडी चेसिसवर रबरी माउंटवर बसते, खड्ड्यात बॉडी हलते पण बंपर चेसिसबरोबर राहतो, म्हणून मडगार्डपासून १५-२० मिमी गॅप सोडाच, दिसायला कमी छान वाटलं तरी. मग आलटूनपालटून कसा, एम१२ (१२ मिमी जाडीच्या) ८.८ बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून कसणारा पाना). स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का बघा.

आता ते लिहून ठेवलेलं माप परत घ्या. सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, त्यामुळे खाली बसलेली गाडी अ‍ॅडजस्टर बोल्टने वर आणता येते. पुढची बाजू स्टँडवर उचलून, चाकं लटकवून, दोन्हीकडे सारखेच फेरे द्या आणि मोजून लिहा. पण फक्त जुन्या उंचीपर्यंतच! जास्त वर नेली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात चालतात. यानंतर अलाइनमेंट करायचीच, हेडलाइटचा झोतही परत सेट करा.

नट कसून झाले की प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. पहिल्या १०० किमीनंतर आणि मग प्रत्येक ट्रॅकनंतर खाली वाकून बघा, रेघ तुटलेली दिसली तर तो नट लगेच परत टॉर्कला कसा.