फोर्टमध्ये दुपारचं जेवण, पाऊण तासात

सीएसएमटी ते हुतात्मा चौक या पट्ट्यातली ऑफिसं एकच्या ठोक्याला रिकामी होतात आणि दोनपर्यंत कुठल्याही चांगल्या खानावळीच्या दारात घोळका असतो. सव्वाबारा-साडेबाराला पोचलात तर भात नुकताच उतरलेला असतो, तवाही मोकळा असतो. सव्वादोननंतर जागा मिळते, पण तोवर सुरमईचे मधले तुकडे संपून शेपटीकडचे उरलेले असतात आणि सोलकढीही बऱ्याचदा संपलेली असते.

वारही बघा. मासळीच्या हॉटेलांत बुधवार-शुक्रवारी झुंबड उडते. मंगळवारी, गुरुवारी आणि श्रावणात तिथे निवांत बसता येतं. त्या दिवशी उडप्याकडे जास्त गर्दी. संकष्टीला तर साबुदाण्याची खिचडी एकच्या आत संपली तरी नवल नाही.

जागेच्या बाबतीत एकटा माणूस फायद्यात. गल्ल्यावर ‘एकच आहे’ म्हटलं की चौघांच्या टेबलावरची रिकामी खुर्ची दाखवतात. अनोळखी माणसांत बसायला इथे कुणी संकोचत नाही, ‘बसू का?’ एवढं पुरतं. सहा जणांनी एकत्रच बसायचा हट्ट धरला तर अर्धी सुट्टी दारातच जाते. दोन-दोन करून बसा.

ऑर्डर बसताबसताच सांगा. वेटर एकदा पुढे सरकला की दहा मिनिटं फिरकत नाही. राईस प्लेट किंवा थाळी लवकर येते, कारण आमटी, भाजी, कालवण आधीच तयार असतं आणि फक्त वाढायचं असतं. वेळ खातो तो तवा. रवा लावलेल्या तुकड्याला आठ-दहा मिनिटं लागतातच, शिवाय तुमच्या आधी पंधरा ऑर्डरी असतात. म्हणून तळलेलं आधी सांगायचं, थाळी त्याच दमात. डोसा-उत्तप्प्याचा मोह या तासात आवरावा, त्याचंही तव्यावाचून चालत नाही.

बोंबील मागवलेत तर आला की लगेच तोंडात. त्याच्या मांसात पाणी फार, त्यामुळे पाच मिनिटं गप्पा मारल्यात की रव्याचं कवच ओलं होऊन सुटतं. पार्सलसाठी तर तो अजिबात घेऊ नये, सुरमई घ्यावी. सुरमईचा तुकडा मोडल्यावर पापुद्रे सुटे झाले तर ताजी. पिठासारखी भुगा झाली तर बर्फात बरेच दिवस राहिलेली समजा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा हे जास्त दिसतं. पापलेटपुढे कार्डावर ‘एपीएस’ लिहिलेलं असेल तर भाव आकारमानावर ठरतो. तळायला जाण्याआधी रक्कम विचारा, नंतर घासाघीस होत नाही.

थाळीत दुसरी चपाती हवी असेल तर पहिली अर्धी असतानाच सांगा. ताट रिकामं करून वाट बघत बसलात की वाढपी भाताचं पातेलं घेऊन येतो आणि मग चपाती मागे पडते. ‘लिमिटेड’ थाळीत जादा वाटीचे वेगळे पैसे लागतात, आधी खात्री करा.

पाणी मागताना ‘साधं’ म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात चढते. शेवटचा भात कालवताना बिल मागून ठेवा. अशा साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच-अडीच असा दोन ओळींत. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच मनाई केली आहे. लावलाच असेल तर शांतपणे काढायला सांगा. चौघांनी चार बिलं मागू नका, एकाने भरावं आणि बाकीच्यांनी त्याला रस्त्यात पैसे पाठवावेत. जुन्या इमारतींच्या जाड भिंतींत फोनला रेंज कधीकधी मिळत नाही, स्कॅन अडकतो आणि मागे रांग खोळंबते. खिशात तीनेकशे रुपये सुटे ठेवा. बडीशेप मात्र गल्ल्यापाशी उभ्याउभ्याच घ्या, तुमची खुर्ची तोवर गेलेली असते.