हळदीचा अर्क पाण्यात टिकवताना: माझा अनुभव

हळदीतलं कर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक) पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कितीही ढवळा, १० मिनिटांत पिवळा गाळ तळाशी. आधी मी लेसिथिन हा इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) थेट पाण्यात घातला, नुसत्या गुठळ्या झाल्या. मग खायचा सोडा घालून पाहिला. द्रावण क्षणात लालसर झालं, वाटलं जमलं! पण सोड्यासारख्या अल्कलीत कर्क्युमिन विरघळतं तसं झपाट्याने मोडतंही. तो नाद सोडला.

जमलं ते क्रम बदलल्यावर. अर्क आधी गरम एमसीटी तेलात (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचं पातळ खाद्यतेल) मुरवला, गाळला, मग त्यात तेलाच्या तिप्पट पॉलिसॉर्बेट ८० हा दुसरा इमल्सिफायर घालून एकजीव केलं. याचा एचएलबी (इमल्सिफायरचा ओढा तेलाकडे की पाण्याकडे हे सांगणारा आकडा) १५, म्हणजे पाण्याकडे ओढा जास्त. तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवायला असाच इमल्सिफायर लागतो. मग कोमट पाणी, थेंबथेंब, हात न थांबवता. मध्येच मिश्रण जेलीसारखं घट्ट होतं. तिथे घाबरून पाणी एकदम ओतू नका. हळूहळू घालत राहिलं की ते सैल पडतं. (खरं तर हे विरघळणं नव्हे, बारीक थेंब विखुरलेले असतात.) शेवटी सायट्रिक ॲसिडने पीएच (आम्लतेचं माप) ४ च्या आसपास आणला आणि गडद बाटलीत भरलं, कारण उजेडात रंग उडतो. आठवडा झाला, बाटलीचा तळ स्वच्छ आहे.