मायलेजसाठी इंजिन खोलायच्या आधी एअर फिल्टर उघडून बघा

आपल्याकडे रत्नागिरी-राजापूर साईडला जांभ्याची लाल धूळ एवढी असते ना की एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो, मग इंजिनला हवा कमी पडते आणि कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली) जुनी बाईक पेट्रोल जास्त प्यायला लागते. फोमचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि इंजिन ऑईलचे दोन थेंब चोळून पिळून बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही, सरळ बदला.

मग इंजिन थंड असताना स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) काढून बघा. टोक फिकट चॉकलेटी म्हणजे सगळं ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. फिल्टर साफ करूनही काजळी येत असेल तरच कार्बोरेटरच्या हवा-पेट्रोल मिश्रणाच्या स्क्रूला हात लावा, तोही पाव-पाव फेरा, आणि आधी किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवा.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर हे स्क्रूचं सोडूनच द्या, तिथे सेन्सर आणि ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल ठरवतात. पेट्रोलच्या पाईपला लावायची मॅग्नेट वगैरे घेऊ नका, खरंच पैसे फुकट जातात.

खाऱ्या वाऱ्याने चेन लवकर गंजते, पावसाळ्यात तर दर आठवड्याला ऑईल द्याच. आणि फरक मोजायचा तर टाकी फुल ते टाकी फुल, रोजच्याच रस्त्यावर, कारण घाट चढलात की आकडा बदलणारच.